खड्ड्यातला खुंट

अकरा नंबरच्या रकान्यात विचारलं होतं, ‘सदर इसम जहाल डाव्या विचारांकडे कसा वळला? थोडक्यात लिहा.’ पुढे दोन बोटं जागा. आधीचे दहा रकाने मी भरून टाकले होते, हात सरावलेला आहे. नाव भुजंग लिंबाजी, वय अंदाजे एकतीस, शिक्षण दुसरी नापास, मूळ गाव मुरुडच्या पलीकडे, वडील मयत, आई हयात, माहिती देणाराची व सदर इसमाची ओळख लहानपणापासून. अकराव्याशी पेन थांबलं आणि मी वर पाहिलं. समोर साध्या कपड्यातला जमादार बसला होता. तो माझ्याकडे बघतही नव्हता. खिडकीबाहेर पाण्याच्या टँकरपाशी घागरींची रांग लागली होती, तिकडे बघत होता, आणि मला एकदम तहान लागली. माठ माझ्या पाठीमागेच होता, पितळी पेला वर उपडा ठेवलेला. उठून दोन पावलं टाकायची, एवढंच. पण उठलो तर हा माणूस मला घाबरलेला समजेल असं वाटलं, म्हणून तसाच बसून राहिलो. घाबरलेला माणूस असाच बसून राहतो हे मला तेव्हा सुचलं नाही.

“घाई न्हाई साहेब,” जमादार म्हणाला. “पण आजच लागंल.”

जिल्हा नवा होऊन अजून वर्ष झालं नव्हतं. मागच्या पंधरा ऑगस्टला लातुरात पेढे वाटले गेले, फटाके वाजले, आणि दुसऱ्या दिवसापासून उस्मानाबादहून लाकडी पेट्यांतून दप्तर यायला लागलं. त्या दप्तराबरोबर मीही आलो. म्हणजे मला बदलीवर पाठवलं, पण मला स्वतःला पेटीतूनच आल्यासारखं वाटायचं. जुन्या रबरी शिक्क्यांवरचं जुन्या जिल्ह्याचं नाव पात्याने खरवडून काढलं होतं, त्यामुळे प्रत्येक कागदावर मधे एक पांढरा पट्टा उमटत असे. नवीन शिक्के यायचे होते. नवीन इमारत व्हायची होती. पाऊस यायचा होता, तो गेल्या वर्षी धड आलाच नव्हता. आणि मी कायम व्हायचा होतो. सात वर्षं हंगामी काढल्यावर कायम हा शब्द माणसाच्या जेवणात, झोपेत येतो. बायको, भामा, हिने पडद्याचं कापडसुद्धा घेऊन ठेवलं होतं, निळ्या फुलांचं. कायमचा कागद हातात पडल्याशिवाय शिवायला टाकायचं नाही असं आमचं ठरलं होतं. त्या कागदाला आता फक्त पोलिसांची पडताळणी हवी होती, आणि ती जमादाराच्या कचेरीतून यायची होती. त्याने ते मला आल्या आल्या सांगितलं होतं, धमकी म्हणून नाही, ओळख निघावी म्हणून. “तुमचाबी कागद आमच्याच टेबलावर हाय की,” असं म्हणून तो हसला होता, आणि त्याचे दात पानाने लाल होते.

“कुणी शिकवलं त्याला, येवढंच लिहा,” तो आता म्हणाला. “नांदेडात कुणाच्या नादी लागला? माणूस काय आपोआप तसा होत नसतो.” मी मान हलवली. खरं आहे, आपोआप होत नसतो. मीच तर झालो नाही. एकाच वस्तीत, एकाच बोळात, मधे एक भिंत सोडून आम्ही दोघं वाढलो, आणि मी मात्र नेमका असा झालो, पेन हातात धरून तहान सोसणारा. हे कसं झालं, असा रकाना कुठल्याच नमुन्यात नसतो.

बाहत्तर साली मी नांदेडला कॉलेजात होतो. आषाढ कोरडा गेला, श्रावण कोरडा लागला, वसतिगृहाची खाणावळ बंद पडली आणि मी एसटीने गावी आलो. घरी येऊन बघतो तर विहिरीचा तळ दिसतोय आणि वस्तीत वर्षावास चालू आहे. पाऊसच नाही तर वर्षावास कसला, असं कुणी म्हटलं नाही. दर वर्षी पावसाळ्याचे तीन महिने संध्याकाळी सगळ्यांनी जमून धम्माचा ग्रंथ वाचायचा, मग तो या वर्षी वाचायचा नाही असं कसं? वाचता येणारा मी एकटा. त्यामुळे मी दिसताच सरजाकाकूला हायसं वाटलं. सरजाकाकू म्हणजे भुजंगची आई. लिंबाजीकाकांनी तो ग्रंथ औरंगाबादहून आणला होता, पांढऱ्या फडक्यात गुंडाळून त्यांच्या घराच्या कोनाड्यात ठेवलेला असे. त्या घरात कुणालाही वाचता येत नव्हतं. काकू हात धुऊन तो काढायची आणि माझ्या मांडीवर ठेवायची, तान्हं मूल देतात तसा. मी मोठ्या आवाजात वाचायचो. मला माझा आवाज आवडायचा, हे कबूल केलं पाहिजे. नांदेडच्या प्राध्यापकांसारखा मी शब्द तोडून तोडून वाचत असे आणि म्हाताऱ्या माणसांनी माना डोलावल्या की अंगावर मूठभर मांस चढे.

भुजंग दारात बसायचा, उंबऱ्यावर, एक पाय आत एक बाहेर. तो मान डोलवायचा नाही. दुःख आहे आणि दुःखाला कारण आहे, असं मी वाचलं त्या संध्याकाळी तो म्हणाला, “शेषा, ते परत वाच.” मी परत वाचलं. “कारण कोण?” त्याने विचारलं. मी म्हटलं, “कोण नाही रे, काय. तृष्णा. पुढे लिहिलंय.” त्याने पुढचं ऐकून घेतलं, नीट ऐकलं, आणि सगळे उठून गेल्यावर माझ्याजवळ येऊन पुन्हा हळूच म्हणाला, “तरीबी कोण ते लिव्हलं आसंल की कुठंतरी. तू बघून ठिव.” मी हसलो. दुसरी नापास माणसाला काय समजावायचं, असं तेव्हा माझ्या मनात आलं. ते आलं होतं हे मला आज स्वच्छ आठवतं, जमादाराच्या समोर बसल्यावर आठवतं, आणि माझी मलाच लाज वाटते.

दिवाळीनंतर पाझर तलावाचं दुष्काळी काम निघालं. गावापासून कोसभर. मला हजेरी कारकून म्हणून घेतलं, कॉलेजात गेलेला म्हणून. डोक्याला टॉवेल, कानाला पेन्सिल, हातात मोजायची फीत. सगळी माणसं खाली मातीत आणि मी काठावर. दोन टोळ्या शेजारी शेजारी खणत, एक गावातली, एक आमच्या वस्तीतली. माती एकच, फावडी एकाच ट्रकमधून उतरलेली, ऊन तर काय सगळ्यांना सारखं. पिण्याच्या पाण्याचे रांजण मात्र दोन होते. ज्यांच्या शेतात मागच्या वर्षी आमच्या बायका खुरपायला गेल्या, त्याच शेतकऱ्यांच्या घरची माणसं आता पलीकडच्या खड्ड्यात घाम गाळत होती, आणि दुपारच्या सुट्टीत दोन्ही टोळ्या एकमेकींकडे पाठ करून सुकडी खात. मला त्यात काही विशेष वाटत नसे. लहानपणापासून बघितलेलं माणसाला दिसत नाही.

खड्डा खणताना मधोमध मातीचा एक खुंट तसाच ठेवायचा असतो. सगळीकडची माती निघत जाते आणि तो एकटा उभा राहतो. मूळ जमीन कुठवर होती ते त्याच्या माथ्यावरून कळतं, आणि मोजणीला आलेला ओव्हरसियर खुंटाला फीत लावून खोली लिहितो. सभोवतालची जमीन तर उकरलेली असते, ढिगारे पडलेले असतात, तिथून काही कळत नाही. खुंट पडला म्हणजे आठ दिवसांचं काम गेलं. म्हणून बायका आपल्या खुंटाला जपत. पोरं त्यावर चढली की ओरडत. आमच्या टोळीच्या खुंटाच्या माथ्यावर आदल्या वर्षीच्या वाळक्या गवताचा एक झुबका शिल्लक होता. सरजाकाकू रोज संध्याकाळी तळाशी उभी राहून त्या खुंटाला वीत लावत वर जायची आणि आज किती खणलं ते सांगायची. फितीने मी मोजायचो तेव्हा तिचं कधी चुकलेलं नसे.

वैशाखातली पौर्णिमा कामाच्या दिवशीच आली. सुट्टी नव्हती, आणि वस्तीत परत जाऊन वंदना घ्यायला अंगात त्राण कुणाच्याच नव्हतं. तेव्हा लिंबाजीकाकांनी घरून दोन तसबिरी आणल्या, फडक्यात बांधून. ठेवायच्या कुठे? खड्ड्यात तळाशी ठेवायला मन होईना, काठावर धूळ. काकूच म्हणाली, खुंटावर ठिवा. त्या सगळ्या उकरलेल्या रानात उंच आणि न तुडवलेली जागा तेवढीच होती. दुपारच्या सुट्टीत तसबिरी खुंटावर ठेवल्या, दोन मेणबत्त्या लावल्या. उन्हात त्यांची ज्योत दिसत नव्हती, फक्त मेण वितळताना दिसत होतं. मी वंदना म्हटली. घामाने निथळलेली चाळीस-पन्नास माणसं खड्ड्यात हात जोडून उभी होती, आणि त्या दिवशी मीसुद्धा काठावरून खाली उतरलो होतो. आयुष्यात एवढा समाधानी मी परत कधी झालो असेन असं वाटत नाही. संध्याकाळी तसबिरी उचलून परत नेल्या. पण मेणाचे दोन पांढरे डाग खुंटावर राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावातल्या टोळीच्या मुकादमाने ओव्हरसियरला ते डाग दाखवले. सरकारी जागेत यांनी देऊळ मांडलंय, उद्या तलाव झाला की हक्क सांगतील. ओव्हरसियर वाईट माणूस नव्हता. त्याला त्याचे दिवस ढकलायचे होते. त्याने मला बाजूला घेतलं आणि म्हणाला, “वाद नको. तो खुंट पाडून टाका म्हणावं तुमच्या लोकांना.” मी म्हटलं, “साहेब, आधी मोजून घ्या.” तो म्हणाला, “मोजणीची वही आत्ता कुठं आणलीय? शनिवारी मोजतो. खोली तुम्हाला माहीतच आहे की.” मी खाली उतरलो आणि सांगितलं. सरजाकाकू फावड्यावर हात ठेवून ऐकत होती. “आदी मोजू दे, मग पाडू,” ती म्हणाली. बाकीचेही तेच म्हणाले. तेव्हा मी ते बोललो. “पाडा काकू. मी आहे ना. किती खोल होतं ते मी सांगतो.” वर्षावासात वाचायचो त्याच आवाजात बोललो, शब्द तोडून तोडून. काकूने माझ्याकडे बघितलं, आणि तिचा चेहरा मोकळा झाला. ग्रंथ वाचणारा माणूस सांगतोय म्हटल्यावर आणखी काय पाहिजे? तिनेच पहिलं फावडं घातलं. गवताचा झुबका मातीत पडला, तो भुजंगने उचलून बाजूला ठेवला, कशाला कोण जाणे.

शनिवारी मोजणी झाली. ओव्हरसियरबरोबर वरचा एक साहेब आला होता, टोपी घातलेला. त्याने आमच्या खड्ड्यात वाकून बघितलं. “इथला खुंट कुठंय?” ओव्हरसियरने माझ्याकडे बघितलं. आता मी बोलायचं होतं. पडला कसा, कुणाच्या सांगण्यावरून पडला, आणि खड्डा किती खोल होता. वाक्य तोंडात तयार होतं. पण ते बोललो असतो तर ओव्हरसियर अडकला असता, आणि ओव्हरसियरनेच मला कानाला पेन्सिल दिली होती. “किती होती खोली?” साहेबाने मला विचारलं. मी म्हटलं, “दिसत नाही साहेब, आता.” एवढंच. खोटं नव्हतं ते. खरोखरच दिसत नव्हती. साहेबाने अर्धी खोली लिहायला सांगितली आणि तो पुढच्या खड्ड्याकडे वळला.

तेव्हा भुजंग खड्ड्यात उतरला. जिथे खुंट होता तिथे, बरोबर मधोमध, उभा राहिला आणि त्याने उजवा हात आडवा खांद्यापर्यंत उचलला. “हितवर होती जमीन,” तो म्हणाला. “लिव्हा.” कुणीतरी हसलं. तो तसाच उभा राहिला. ऊन माथ्यावर होतं. हात थरथरायला लागला तेव्हा त्याने दुसऱ्या हाताने कोपर धरला, पण खाली घेतला नाही. आणि मग गावातल्या टोळीतून धोंडप्पा पुढे आला. धोंडप्पा म्हणजे लिंगायत वस्तीतला, दोन तुकडे कोरडवाहूचा मालक, आमच्याशी जन्मात चार शब्द न बोललेला. तो म्हणाला, “आमचा खुंट हाय की उभा. त्याच्या माथ्यावरनं दोरी लावा ह्याच्या हातापतुर. सरळ आली तर ह्यो खरा.” आणि त्याने स्वतःच आपल्या धोतराच्या गाठीतून सुतळी काढली, एक टोक त्यांच्या खुंटावर धरायला लावलं आणि दुसरं घेऊन आमच्या खड्ड्यात उतरला. सुतळी ताणली गेली. सरळ होती. बोटभर खाली असेल तर, कारण हात थकला होता. सगळ्यांनी बघितलं. साहेब म्हणाला, “दोरी लावून मोजायची पद्धत नाही.” फीत माझ्या हातात होती. मी काठावर उभा होतो आणि माझ्या पायाखालची माती सुटून घरंगळत भुजंगच्या पायांवर पडत होती, तो ती झटकतही नव्हता. फक्त एकदा वर बघितलं त्याने. मी कानाची पेन्सिल काढून पुन्हा कानाला लावली.

सोमवारी हजेरीपटावर धोंडप्पाचं नाव नव्हतं. खोली अर्धी तशी मजुरीही अर्धी, वस्तीत त्या आठवड्याला अर्धंच धान्य आलं. ज्येष्ठात लिंबाजीकाका गेले. भुकेने गेले असं मी म्हणणार नाही, कागदावर जुलाब लिहिलेले आहेत. मातीला सगळे आले, मीही गेलो. भुजंग माझ्याशी नेहमीसारखाच बोलला. पुढच्या महिन्यात तो आणि धोंडप्पा एकाच एसटीत बसून नांदेडला गिरणीत कामाला गेले. वर्षावास लागला तेव्हा मी नोकरीच्या अर्जासाठी उस्मानाबादला होतो. त्या वर्षी ग्रंथ कुणी वाचला ते मी विचारलं नाही.

नांदेडला तो मला एकदाच भेटला, आणीबाणीच्या आधी. गिरणीचा भोंगा झाला आणि फाटकातून माणसं बाहेर पडली, त्यात तो आणि धोंडप्पा. दोघांच्या केसांत कापसाचा भुगा, दोघं एकाच वयाचे म्हातारे दिसत होते. टपरीवर बसलो. युनियनच्या खोलीत संध्याकाळी एक मास्तर वर्तमानपत्र वाचून दाखवतो, पुस्तकंही वाचतो, असं तो सांगत होता. “हितंबी दुसराच वाचतो, मी ऐकतो,” म्हणाला आणि मनापासून हसला. “पर मी इचारलं, कारण कोण, तर ह्यो मास्तर हासला न्हाई.” मला त्याची माफी मागायची होती. त्यासाठीच मी गिरणीपर्यंत चालत गेलो होतो, वाटेत वाक्य जुळवत. पण भजी आली आणि मी खात राहिलो. त्यालाच ते कळलं असावं. कपातला चहा बशीत ओतता ओतता तो म्हणाला, “तुझ्यावर राग न्हाई शेषा. खरंच न्हाई. तू नसतास तर वर दुसरा कुणी उभा आसता. माझं भांडण त्या वरच्याशी न्हाई, त्या काठाशीच हाय. काठ कशाला पायजे म्हणतो मी.” धोंडप्पा नुसता मान हलवत होता. मी घड्याळ बघितलं, गाडीची वेळ झाली होती. आणीबाणीत दोघांनाही उचललं. धोंडप्पा सुटला तो गावी परतला आणि आता कुणाशी बोलत नाही. भुजंग सुटला आणि किनवटच्या जंगलाकडे गेला, तिथून पलीकडे तेलंगणात. पुढचं मला खरोखरच माहीत नाही. कुणाला मारलं म्हणतात, कुणाला तारलं म्हणतात. मला तो दिसतो तो हात आडवा धरलेला, उन्हात.

हे सगळं दोन बोटं जागेत कसं लिहायचं? मी मनातल्या मनात वाक्यं जुळवून बघितली. ‘सन १९७३ च्या वैशाखात एका खुंटामुळे.’ जमादाराला हसू आलं असतं. ‘हजेरी कारकून शेषेराव याने तोंड न उघडल्यामुळे.’ यावर मात्र तो हसला नसता. हे लिहिलं की माझा कागद त्याच्या टेबलावर आणखी सात वर्षं पडणार, भामा ते निळ्या फुलांचं कापड ट्रंकेत तळाशी घालणार. मास्तराचं नाव मला माहीत नव्हतं, आणि माहीत असतं तर लिहिलं असतं की नाही, हे स्वतःला विचारायची माझी छाती नाही. धोंडप्पाचं नाव माहीत होतं. ते पेनाच्या टोकापर्यंत आलं होतं, खोटं कशाला बोलू. बाहेर टँकरचं पाणी संपलं, घागरी वाजल्या. आणि मला एकदम एक सोपं उत्तर सापडलं, ज्यात कुणाचंच नाव येत नव्हतं, ज्याला घर नव्हतं, पोटापाण्याचा प्रश्न नव्हता. मी वळणदार अक्षरात लिहिलं, ‘पुस्तके वाचून.’ खाली सही केली. तिसऱ्या रकान्यात माझ्याच हाताने शिक्षण दुसरी नापास लिहिलेलं होतं.

जमादाराने कागद उलटसुलट बघितला आणि तो खूश झाला. “हे बरं केलं साहेब,” म्हणाला. “माणसाचं नाव आलं म्हणजे त्याला हुडकत फिरावं लागतं. पुस्तक कुठं पळून चाललंय?” तो गेल्यावर मी उठून माठातलं पाणी प्यायलो, दोन पेले, तिसराही.

मी कायम झालो. पडदे शिवून आले, लागले. निळ्या फुलांमधून ऊन आलं की खोली पाण्याखाली असल्यासारखी दिसते असं भामा म्हणाली, आणि ते खरं होतं. मला त्या खोलीत बसवत नसे. मी कचेरीत लवकर जाऊ लागलो.

अशाच एका सकाळी, अकरा वाजले असतील, सरजाकाकू माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. मी तिला दहा वर्षांत पाहिलं नव्हतं, तरी ओळखायला क्षण लागला नाही. उंची कमी झाली होती. मुरुडपर्यंत चालत आणि पुढे जीपने आली होती, पायांवर धूळ होती. “बस काकू,” मी म्हटलं. ती खुर्चीवर बसली नाही, टेबलाला धरून उभी राहिली.

“एक अर्ज लिहायचाय शेषेराव,” ती म्हणाली. पूर्वी ती मला शेषा म्हणायची. “पोलीस आले हुते. कोनाड्यातला ग्रंथ घिऊन गेले. आमचं येवढं एकच पुस्तक. वर्षावास आलाय जवळ.”

मी काहीतरी म्हणालो, कधी आले, कोण होते, असं. ती सावकाश सांगत होती, कुणाबद्दल तक्रार नसल्यासारखी. “त्यो जमादार म्हणाय लागला, तुमचं पोरगं पुस्तक वाचून बिघडलं, आसं जाणत्या माणसानं लिहून दिलंय. मी म्हणलं, त्याला कुठं वाचता येत हुतं बाबा? वाचणारा वस्तीत एकच हुता.” हे सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती, टेबलावरच्या शिक्क्यांकडे बघत होती. नवीन शिक्के आले होते, त्यांच्यावर मधे पांढरा पट्टा नव्हता. मग ती म्हणाली, “लिही. तुजं अक्षर चांगलं हाय.”

मी लिहिलं. मा. जिल्हाधिकारी साहेब, लातूर यांचे सेवेशी. अर्जदार वृद्ध व निरक्षर असून सदर ग्रंथ पूजनीय असलेने परत मिळणेस विनंती. हात सरावलेला आहे. तिचा अंगठा शाईत बुडवून मी कागदावर टेकवला तेव्हा तो मला दगडासारखा टणक लागला. निरक्षर अर्जदाराच्या अंगठ्याशेजारी अर्ज लिहिणाराचं नाव आणि सही लागते, नाहीतर अर्ज आवकेत घेत नाहीत. हा नियम मीच इतरांना रोज सांगतो. मी तिथवर आलो. हा अर्ज त्याच फायलीला लागणार होता, जिथे अकरा नंबरचा रकाना होता, तेच अक्षर, तीच सही, समोरासमोर. मी पेनला टोपण लावलं.

काकूने कागद हातात घेतला, डोळ्यांपासून लांब धरला. मग तिने अंगठ्याच्या शेजारच्या मोकळ्या जागेवर बोटं ताणून ठेवली, खुंटाला वीत लावायची तशी. “हितं कायतरी ऱ्हायलं,” ती म्हणाली.

“तिथं काही नसतं काकू.”

तिने माझ्याकडे बघितलं. त्या दिवशी फावड्यावर हात ठेवून बघितलं होतं तसंच, फक्त चेहरा मोकळा झाला नाही. “बरं,” म्हणाली आणि आवकेच्या खिडकीसमोर रांगेत जाऊन उभी राहिली. तिच्या पुढे सहा माणसं होती. खिडकी माझ्या टेबलापासून पंधरा पावलांवर आहे. एकेक माणूस पुढे सरकत होता आणि मी बसल्या जागी जणू काठावरच उभा होतो. उठायला मला भरपूर वेळ मिळाला, कुणी घाई केली नाही. शेवटी तिचा नंबर आला. आवकेचा पंढरी मोठ्याने बोलतो, ते सगळ्या कचेरीला ऐकू येतं.

“लिहिणाराचं नाव न्हाई ह्याच्यावर. कुणी लिहून दिलं, आजी?”

काकूने मागे वळून बघितलं नाही. “काय म्हाईत बाबा,” ती म्हणाली. “बाहेर बसला हुता कुणी. मी वळखीत न्हाई त्याला.”

पंढरीने अर्ज परत केला. तिने त्याची पहिल्यासारखीच घडी घातली, कमरेला खोचली आणि ती पायऱ्या उतरून टँकरपाशी गेली. तिथे रांग होती, त्या रांगेत शेवटी उभी राहिली, हाताची ओंजळ आधीच तयार ठेवून. माझ्या पाठीमागे माठ भरलेला होता. मी तिला पाणीसुद्धा विचारलं नव्हतं.